बुडत्याला दिसलेली बगळी

वायादोलिद, ९ ऑक्टोबर १५५३

प्रिय मेन्सिया,

तू लग्न होऊन कार्मोना सोडून त्रियानात गेलीस त्याला सात वर्षं झाली आणि मला तुझी पत्रं आली मोजून चार. मावशी गेल्यावर आपल्या दोघांचं एकमेकांवाचून कोण आहे सांग? मी आईवेगळा पोर, तुमच्या घरी वाढलो, तुझ्याच पाटीवर अक्षरं गिरवली. आता राजाच्या कचेरीत समुद्रापारच्या मुलखांचे कागद उतरवून काढतो. दिवसभर जहाजं, तांडेल, बंदरं. समुद्र मात्र अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. इथल्या नदीत बदकंसुद्धा नाइलाजाने पोहतात.

पण कविता जोरात आहेत. इथल्या एक बड्या बाई, दोन्या ब्रियांदा, यांच्या दिवाणखान्यात दर गुरुवारी आम्ही जमतो. परवा मी वाचलेल्या या दोन ओळींवर त्या पंखा मिटून बसून राहिल्या:

सुई जशी ध्रुवाकडे, तसा तुझ्याकडे मी सदा;
तिळभरही ढळणार नाही, वादळ येवो कितीदा.

तुझा नवरा खरा तांडेल. ओर्तुन्योला वाचून दाखव आणि काय म्हणतो ते कळव. खोटी स्तुती नको. थोडी चालेल.

तुझा भाऊ,
बाल्तासार


त्रियाना, २० नोव्हेंबर १५५३

अरे बाल्तासार,

तुझं पत्र चुलीपाशी वाचलं. ओर्तुन्यो सार्डिन भाजत होता, सासूबाई ऑलिव्ह निवडत होत्या. तुझ्या दोन ओळी ऐकून तो इतका हसला की दोन मासे जळाले.

म्हणाला, "तुझ्या भावाला सांग, ह्या सुईवर भरवसा ठेवलास तर खडकावर जाशील."

मी म्हटलं, "का बरं? होकायंत्राची सुई उत्तरेकडेच असते ना?"

"असते, इथे. असोरेस बेटं मागे पडली की हळूहळू सरकायला लागते. एखाद्या बोटाइतकी. कुठे किती सरकते ते तांडेलाला पाठ असावं लागतं. जी सुई ढळतच नाही ती बिघडलेली समज."

"मग माणसाचं मनही तसंच का रे?" मी विचारलं.

तो मासा उलटत म्हणाला, "ते तुझ्या भावाला विचार. मला फक्त सुईचं कळतं."

सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्या मध्येच म्हणाल्या, "कोण बिघडलंय?" आम्ही दोघं म्हणालो, "बाल्तासार!" त्यावर त्या म्हणाल्या, "बिचारा. लग्न करून द्या."

आणि ते वादळाचं. ओर्तुन्यो म्हणतो, तुम्ही कवी लोक जुन्या लॅटिन पोथ्यांतलं वादळ उचलता. त्या लोकांनी समुद्र म्हणून जो पाहिला तो आमच्या दृष्टीने तळं. काठ दिसेनासा झाला की ते रडायचे. त्याने मला सांगितलंय की पलीकडे समुद्राच्या मधोमध गवताची कुरणं आहेत, पिवळी, दोन-दोन दिवस जहाज त्यांतून जातं, आणि नवे खलाशी जमीन आली म्हणून गुडघे टेकतात. तिथे मासे उडून शिडावर आपटतात. आणि लाकूड पोखरणारा एक किडा आहे, जहाज बाहेरून धडधाकट दिसतं आणि तळ आतून चाळणी झालेला असतो. हे घाल की कवितेत. की हे तुझ्या दोन्यांना रुचणार नाही?

वसंतात तो ताफ्याबरोबर निघेल. त्याआधी काय विचारायचं ते विचारून घे.

मेन्सिया


वायादोलिद, १४ जानेवारी १५५४

मेन्सिया, मेन्सिया,

तुझं पत्र मी नऊ वेळा वाचलं. रागावू नकोस, भर दिवाणखान्यातही वाचलं (मी बिघडल्याचं सोडून). मग मी बदललेल्या ओळी म्हटल्या:

माझी सुई ढळते, सखे, किती ढळते तेही जाणतो;
तेवढे सुकाणू वळवून जहाज तुझ्याच दारी आणतो.

एक म्हातारे पंडित उठून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "पोरा, दीड हजार वर्षं आम्ही एकच जहाज पुन्हा पुन्हा बुडवतो आहोत. हे नवीन आहे." मेन्सिया, मला रडू आलं. आता इथे जो तो गवताच्या कुरणावर लिहितोय. कुणाची प्रेयसी उडता मासा झाली आहे, कुणाचं काळीज किड्याने पोखरलेला तळ. पण त्यांच्यापैकी कुणाला तांडेल मेव्हणा नाही.

एक विचारायचं राहिलं. त्याला विचार, भीती कशी असते? पुस्तकातली नाही, खरी. माणसाला मरण समोर दिसतं तेव्हा तो काय बघतो, काय बोलतो? मला एक मोठी कविता लिहायची आहे, बुडणाऱ्या माणसाची. इथे बसून ती जमत नाही. सगळं विचार. लहानसहान काही सोडू नकोस.

बाल्तासार


त्रियाना, २ मे १५५४

बाल्तासार,

ओर्तुन्यो गेला. बुधवारी सांता ओलाया जहाजाने नांगर उचलला. एकतीस माणसं, त्यांतली बारा आमच्याच गल्लीतली, त्यामुळे धक्क्यावर सगळी गल्लीच उभी होती. सासूबाईंनी त्याच्या कपाळावर क्रूस काढला आणि म्हणाल्या, "डोकं झाकून बस." जसं काही तो शेतावर चाललाय. तो म्हणाला, "हो आई."

तुझा प्रश्न मी त्याला आधीच्या रविवारी विचारला. खरं सांगू, विचारताना मला बरं वाटलं नाही. तो जाळीच्या गाठी सोडवत होता. हातातली गाठ सुटल्यावर म्हणाला, "वादळात भीती वाटायला वेळ नसतो, हात गुंतलेले असतात. भीती असते ती वारा पडल्यावर. समुद्र तव्यासारखा, शिडं मेलेली, पिंपातल्या पाण्याला वास. कुणी बोलत नाही. तेव्हा माणूस आपल्या घरातल्या वस्तू आठवतो. दाराची कडी, कोनाडा. एकेक."

"आणि मरण?"

"त्याचं तुझ्या भावाला मी कुठून सांगू? मेलेले तांडेल परत येऊन सांगत नाहीत." मग हसला आणि म्हणाला, "त्याला म्हण, एवढंच हवं असेल तर ये जहाजावर. कढई घासायला माणूस लागतो."

झालं तुझं समाधान? माझं एक काम कर. तुमच्या कचेरीत पलीकडचे सगळे कागद येतात. सांता ओलायाचं नाव कुठेही दिसलं तर मला लगेच कळव. चांगलं असो, वाईट असो. धक्क्यावरच्या बातम्यांवर माझा विश्वास नाही, तिथे एक जहाज दिवसातून दोनदा बुडतं आणि तीनदा वर येतं.

मेन्सिया


त्रियाना, २८ ऑक्टोबर १५५४

बाल्तासार,

ताफा आला. सप्टेंबरच्या शेवटी सात जहाजं नदीत शिरली, नंतर एक मागून. सांता ओलाया नाही. येणारे म्हणतात, हवानाहून सगळी एकत्र निघाली, मग धुकं पडलं आणि पुढे कुणी पाहिली नाही. कुणी म्हणतं परत फिरली असेल, दुरुस्तीला. कुणी काहीच म्हणत नाही आणि माझ्याकडे बघून टोपी काढतं. ते मला सहन होत नाही.

सासूबाई रोज सकाळी विचारतात, "आज वारा कुठला?" मी सांगते, "पश्चिमेचा." असो वा नसो.

तुझं उन्हाळ्यापासून एक पत्र नाही की एक कविता नाही. आजारी आहेस का? कचेरीत काही आलं असेल तर लिही. मी रडणार नाही. मला फक्त ठाऊक हवं आहे. ठाऊक नसण्याने माणूस कसा होतो हे तुला कसं सांगू? मी भांडं घासायला घेते आणि थोड्या वेळाने बघते तर तेच भांडं हातात.

मेन्सिया


वायादोलिद, ३० नोव्हेंबर १५५४

प्रिय मेन्सिया,

मी बरा आहे. थोडा खोकला होता. आमच्याकडे काही आलेलं नाही. समुद्र मोठा आहे, जहाजं कुठल्या कुठे निघतात, तूच मला शिकवलंस. धीर धर. स्वतःची आणि सासूबाईंची काळजी घे. खेचरवाल्याबरोबर बिहीफळाच्या वड्या पाठवतो आहे, नाताळासाठी.

सध्या कविता लिहीत नाही.

तुझा,
बाल्तासार


त्रियाना, ११ मार्च १५५५

बाल्तासार,

आज मासळीबाजारात एक आंधळा गाणारा आला होता. गळ्यात दोरीवर छापील कागद टांगलेले. ओरडत होता, "वायादोलिदची नवी कविता! बुडत्या तांडेलाची कहाणी!" आमच्या गल्लीतल्या बायका उभ्या राहिल्या. मीही राहिले. मला अभिमान वाटला, बघ. मला वाटलं, माझ्या भावाची असेल.

त्याने गायला सुरुवात केली. तळ पोखरलेला. बरोबर. सुई, गवत, तव्यासारखा समुद्र, दाराची कडी आणि कोनाडा. हे सगळं माझ्याच पत्रांतलं, मला राग नाही आला. मग तो म्हणाला:

बुडत्याला दिसली बगळी, म्हणाला, आला काठ;
पंखांच्या त्या राखी रेघेत घराची दिसली वाट.

बायका डोळे पुसत होत्या. माझ्या हातातली टोपली कधी पडली मला कळलं नाही.

बाल्तासार, हे तुला कुणी सांगितलं?

मी तुला कधी लिहिलं नाही. मी कुणालाच सांगितलेलं नाही, सासूबाईंनाही ठाऊक नाही. माझी मान लांब, म्हणून लग्नाच्या पहिल्या रात्रीपासून तो मला बगळी म्हणतो. दार लावल्यावर. चारचौघांत कधीच नाही. बगळी हा पक्षी नाही रे. बगळी मी आहे.

कुणीतरी त्याला ते म्हणताना ऐकलं. आणि ऐकणाऱ्याने ते तुला सांगितलं. म्हणजे तुला ठाऊक आहे. किती दिवसांपासून ठाऊक आहे?

कविता नको. ज्याने ऐकलं त्याचे शब्द जसेच्या तसे पाठव.

मेन्सिया ओर्तिस


वायादोलिद, २ एप्रिल १५५५

मेन्सिया,

नोव्हेंबरच्या बाराव्या तारखेला कागद आला. लिस्बनहून. एका पोर्तुगीज जहाजाने समुद्रातून एक माणूस उचलला होता, त्याची जबानी. सेवियाला, तुमच्या त्रियानासमोरच्या बंदरकचेरीला, पाठवायची नक्कल करायचं काम माझ्याकडे आलं. खाली उतरवून देतो. एक अक्षर बदललेलं नाही.

"मी पायो, राहणार आयामोन्ते, खलाशी. सांता ओलाया जहाज धुक्यात ताफ्यापासून सुटलं. सातव्या दिवशी पाणी तळातून आलं. तळ किड्याने खाल्ला होता. पंप थांबले आणि जहाज दुपारी बुडालं. वादळ नव्हतं. मी, तांडेल ओर्तुन्यो आणि सुतार एका तुटक्या डोलकाठीला धरून राहिलो. सुतार पहिल्या दिवशी सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी तांडेल बगळी, बगळी असं ओरडू लागला. डोकं फिरलं असावं, कारण तिथून जमीन शेकडो कोस. नंतर तो नव्हता. मला तिसऱ्या दिवशी उचललं. बाकी कुणी जिवंत असल्याचं मला माहीत नाही."

मला वाटलं, पक्षी. देवाशपथ, मला पक्षीच वाटला. जमिनीचा पक्षी, आणि बुडणाऱ्याला जमीन दिसली असं. तुझं नाव आहे हे मला कसं कळणार होतं?

पण तुझा प्रश्न तो नाही हे मला कळतं. कुणी मला गप्प राहा म्हटलं नव्हतं, मीच राहिलो. मी स्वतःशी म्हटलं, तिचा नाताळ तरी होऊ दे. नक्कल इतर कागदांच्या तळाशी ठेवली. ती फेब्रुवारीच्या अखेरीला निघाली, आतापर्यंत तुमच्याकडे पोहोचली असेल. जबानी उतरवताना मी रडलो, मेन्सिया. आणि रडत असतानाच ओळी सुचायला लागल्या. मी कागद बाजूला केला आणि दुसरा घेतला. एकीकडे तुला लिहायला बसायचो आणि लिहून व्हायची ती कविता. वर्षभर जी जमत नव्हती ती सहा आठवड्यांत झाली. बातमी फुटली असती तर ती झाली नसती, हे मला तेव्हाही कळत होतं.

छापणाऱ्याला मी नको म्हणू शकलो असतो.

इथे सगळे मला ओळखू लागले आहेत. बगळीची ओळ सगळ्यांना पाठ आहे. मी ती काढून टाकतो. छापलेले कागद परत घेतो, जाळतो. तू सांगशील ते करतो.

बाल्तासार


त्रियाना, १९ जून १५५५

बाल्तासार,

तुझी नक्कल गल्लीत वाचून दाखवली गेली, तुझ्या पत्राच्या चार दिवस आधी. माझ्याशिवाय अकरा बायका होत्या. एकीने जानेवारीत नवऱ्यासाठी नवा डगला शिवला, बघितलाय मी तो. तिला तू काय सांगशील ते मला माहीत नाही. तिच्या घरीही नाताळ झाला.

सासूबाईंना मी स्वतः सांगितलं. कानाशी तोंड नेऊन, मोठ्याने, दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना माझाच आवाज मला परका वाटला. त्या उठल्या, चुलीवरचं भांडं उतरवलं, परत बसल्या. मग म्हणाल्या, "शेवटी काही बोलला का?"

मी म्हटलं, "'आई' म्हणाला."

त्यांनी मान हलवली. "लहानपणीही ताप आला की तेच म्हणायचा."

मेच्या शेवटी मी आयामोन्तेला गेले. खेचरांच्या तांड्याबरोबर, पाच दिवस. पायो तिथे मासे खारवायच्या वखारीत आहे. पंचविशीचा असेल, केस पांढरे. समुद्राकडे पाठ करून काम करतो. मी कोण ते सांगितल्यावर हातातला सुरा खाली ठेवून उभाच राहिला. मी म्हटलं, "बस बाबा. मी भांडायला नाही आले. तू कागदावर सांगितलंस त्यापेक्षा जास्त काही असेल तर सांग."

तो बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "बाईसाहेब, एक गोष्ट मी लिहून घेणाऱ्याला सांगितली नाही. तांडेल माझ्यापासून हातभर अंतरावर होता. बगळी बगळी म्हणाला, तेव्हा मला वाटलं खरंच पक्षी दिसला. म्हणजे जमीन जवळ आली. मी वर बघितलं. सगळं आभाळ शोधलं मी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पक्षी नव्हता. खाली बघितलं तर तोही नव्हता." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी वर बघितलं नसतं तर माझा हात पोचला असता. होता ना पक्षी, बाईसाहेब? त्याला दिसला असेल ना?"

मी म्हटलं, "दिसला असेल. खूप थकलेल्या माणसांना दिसतात."

तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. त्याला मी काही सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. त्याला अजून पन्नास वर्षं जगायचं आहे.

तू ओळ काढू म्हणतोस. काढू नकोस. पायोला वाचता येत नाही, पण आंधळे गाणारे आयामोन्तेलाही जातात. त्याला ते ऐकू दे. सासूबाईंना ऐकू येतच नाही. गल्लीतल्या बायका ती ओळ म्हणतात आणि त्यांना वाटतं की आपल्याही माणसाला शेवटी काठ दिसला असेल. मी कुणाच्या तोंडून ते काढून घेऊ?

कविता चांगली आहे. हे मी तुला दुखवायला लिहीत नाही आणि सुखवायलाही नाही. आपण दोघं एका पाटीवर शिकलो, चांगलं काय ते मला कळतं. मी ती ऐकताना, टोपली पडायच्या आधी, क्षणभर मला वाटलं होतं की ओर्तुन्योने ही ऐकायला हवी.

म्हणून खरं काय ते जगात आता दोघांनाच ठाऊक राहील, मला आणि तुला. मी ते कुणाला सांगू शकत नाही. तूही सांगायचं नाहीस, दोन्या ब्रियांदांना नाही, पाद्रीबाबांना नाही. कुठल्याही कवितेत नाही. लोक ती ओळ म्हणून वाहवा करतील तेव्हा तू तिथे उभा राहशील आणि तुला माहीत असेल की तो मला हाक मारत होता.

मला आता पत्र पाठवू नकोस. आलं तर मी उघडणार नाही.

मेन्सिया